जेलरोडचं सेन्सॉर बोर्ड

नाशिकरोडला ‘प्रेस’ म्हटलं की वर्तमानपत्राचं ऑफिस कुणाच्या डोक्यात येत नाही. प्रेस म्हणजे नोटांची. १९२८ पासून तिथं नोटा छापतात आणि त्यातली चौतीस वर्षं मी छापलेल्या शीटमध्ये खोट शोधण्याचा पगार घेतला. शाई पुसट झाली, आकडा केसभर सरकला, गांधीजींच्या चष्म्याची काडी एका बाजूला जाड झाली, की खूण करायची आणि शीट बाजूला ठेवायची. नोकरीतून माणूस रिटायर होतो, डोळा होत नाही. लग्नपत्रिकेत ‘आशिर्वाद’ ऱ्हस्व दिसला की त्या लग्नातलं जेवण मला गोड लागत नाही. एकदा बायकोच्या पोळीकडे बघून ‘छपाई डावीकडे सरकलीय’ म्हणालो. त्यानंतर तीन दिवस घरात भात होता.

राहायला आम्ही जेलरोडला. बिल्डिंगमधल्या मुलांची नावं माझ्या लक्षात राहत नाहीत. हल्लीची नावं सगळी अडीच अक्षरी आणि अर्थ विचारला तर सूर्य नाहीतर विष्णू. त्यामुळे मी मुलांना फ्लॅटच्या नंबरानं ओळखतो. “३०२, सायकल बाजूला घे.” “१०१, जिन्यात थुंकू नको.” १०१ मध्ये जुळे आहेत, त्यामुळे ते १०१ अ आणि १०१ ब. मध्यवर्ती कारागृहाच्या शेजारी इतकी वर्षं काढल्यावर एवढा परिणाम व्हायचाच. मुलंही सरावलीत. २०४ तर फोनवर “आजोबा, मी दोनशेचार बोलतेय” अशीच सुरुवात करते. वय वर्षे पाच, पुढचे दोन दात नाहीत, आणि बाप पुण्यात हिंजवडीला. तो सोमवारी पहाटेच्या बसनं जातो, शुक्रवारी रात्री येतो.

तर मे महिना. बिल्डिंगमधल्या बायकांनी एका रविवारी गच्चीवर कुरडयांचा घाट घातला. तीन दिवस गहू भिजलेले, वाटून, गाळून, सत्त्व खाली बसलेलं; पहाटे चीक शिजवायचा आणि ऊन चढायच्या आत जुन्या साड्यांवर कुरडया पाडायच्या. या उद्योगाला दोन शत्रू, कावळे आणि मुलं. कावळ्यांसाठी काळी छत्री उघडून ठेवायचं ठरलं. मुलांसाठी माझी नेमणूक झाली. हुकूम असा, की अकरा ते एक एकही मूल गच्चीवर दिसता कामा नये.

“टीव्हीवर काहीतरी लावून द्या,” ही म्हणाली. “‘फ्रोझन’ लावा. सगळ्यांना आवडतो.”

इथं मी गप्प बसायला हवं होतं. पण ‘काहीतरी लावून द्या’ हे शब्द खोट शोधणाऱ्या माणसाला सहन होत नाहीत. मी म्हणालो, “आधी मी बघून घेतो. लहान मुलांना योग्य आहे की नाही, कुणीतरी तपासायला नको?” सुट्टीला ठाण्याहून आलेली माझी सहा वर्षांची नात तिथंच आंबा चोखत बसली होती. तिनं तो चित्रपट चौदा वेळा पाहिलेला. हा मुद्दा कुणी काढला नाही आणि मला सुचला नाही.

मी कामाला लागलो. दोनशे पानी वही आणली. पेपरात वाचल्याचं आठवत होतं की २०२३ च्या दुरुस्तीनं सेन्सॉरच्या यूए प्रमाणपत्राचे तीन भाग पाडलेत, सातच्या वर, तेराच्या वर आणि सोळाच्या वर. म्हणजे सरकारनंसुद्धा सात वर्षांखालचा माणूस वेगळा धरलाय. आमच्या प्रेक्षकांत सहाजण सातच्या आतले. मी वहीवर ‘परीक्षण’ असं लिहून खाली दोन रेघा मारल्या.

मूळ कथा कुठली हे कळावं म्हणून बस पकडून नाशकात ‘सावाना’त गेलो. सार्वजनिक वाचनालय १८४० चं. तिथं बसलं की आपण अभ्यास करतोय असं आपोआप वाटायला लागतं. कळलं ते असं, की हान्स अँडरसननं १८४४ साली हिमराणीची गोष्ट लिहिली. त्यात सैतानाचा आरसा फुटतो आणि त्याची काच एका पोराच्या डोळ्यात आणि काळजात जाते. मी खूण केली. मग शेजारच्या पानांवर ग्रिम बंधू भेटले. हिमगौरीच्या मूळ गोष्टीत शेवटी त्या दुष्ट राणीला तापलेले लोखंडी जोडे घालून मरेपर्यंत नाचवतात. सिंड्रेलाच्या बहिणी जोडा बसावा म्हणून स्वतःचा पाय कापतात. डिस्नेनं १९३७ साली हिमगौरीचा चित्रपट काढला तेव्हा ते जोडे गाळले, तरीही ब्रिटनच्या सेन्सॉरनं सोळाच्या आतल्या मुलांनी मोठ्या माणसाबरोबरच बघावा असा शिक्का मारला. मला फार बरं वाटलं. माझ्या लाइनीतली माणसं जगात होती.

घरी येऊन मी हे सगळं हिला गंभीर आवाजात सांगितलं. ती मिरच्या खुडत होती.

“चिमणीच्या घरी पावसात भिजलेला कावळा येतो, त्याचं काय होतं?”

“काय होतं?”

“तापलेल्या तव्यावर बसवते ती त्याला. तुमच्या लेकाला रोज रात्री ती गोष्ट लागायची. तवा आला की टाळ्या वाजवायचा.” तिनं एक मिरची खुडली. “आणि अहो, ज्या गावाचं नावच कापलेल्या नाकावरून पडलंय त्या गावात राहता तुम्ही. मागच्या वर्षी तुम्हीच सगळ्या पोरांना तपोवनात नेऊन लक्ष्मणानं शूर्पणखेचं नाक नेमकं कुठं कापलं ते दाखवलंत. वर भेळ खाऊ घातलीत.”

हे खरं होतं. भेळ तिखट होती म्हणून १०१ ब रडला होता, नाकाबद्दल कुणी रडलं नव्हतं. तरी मी माघार घेतली नाही. पौराणिक गोष्ट वेगळी, असं काहीतरी बोललो. हिनं मग त्र्यंबकचे दादासाहेब फाळके काढले. पहिल्याच ‘राजा हरिश्चंद्र’मध्ये स्वतःच्या पोराला, भालचंद्रला, रोहिताश्व केलं आणि १९१९ साली ‘कालियामर्दन’मध्ये पोटच्या मुलीला, मंदाकिनीला, कृष्ण करून कालियाच्या डोक्यावर उभं केलं, त्या माणसानं वही केली होती का? मी म्हणालो, फाळक्यांनी आगकाड्या नाचवून लहानसा चित्रपटही केला होता, ‘आगकाड्यांची मौज’. आज कुणी मुलांना आगकाड्यांशी खेळ म्हणून शिकवेल का? हा मुद्दा मला तेव्हा बिनतोड वाटला होता.

शनिवारी रात्री सगळे झोपल्यावर मी आवाज बारीक करून परीक्षणाला बसलो. चित्रपट इंग्रजी. इंग्रजी मला वाचता उत्तम येतं, पण ही माणसं नोटेवरच्या मजकुरासारखी थांबून राहत नाहीत, बोलून निघून जातात. त्यामुळे बरंचसं परीक्षण चित्रांवरून झालं. वहीतल्या नोंदी अजून आहेत:

“थोरली राजकन्या. हातातून बर्फ निघतो. विजेचं बिल नाही. धाकटीच्या डोक्यात बर्फ लागतो. जखम नाही, केसांची एक बट पांढरी. चालेल.”

“राजपुत्र आला. मुलगा सालस वाटतो. घोडा चांगला. बारा मोठे भाऊ आहेत असं म्हणतो. घराणं भरलेलं. हरकत नाही.”

“एका दिवसात लग्न ठरलं. मुलींना चुकीचा संदेश. विचार करावा.”

“लांडगे. मोजता आले नाहीत. पुन्हा पाहावे.”

“बर्फाचा राक्षस. अति मोठा. पण बुद्धी बेताची, त्यामुळे चालेल.”

“बर्फाचा बाहुला. याला उन्हाळा बघायचाय. मे महिन्यात जेलरोडला पाठवा.”

“राजपुत्र भामटा निघाला!!”

या शेवटच्या नोंदीनंतर मी वही मिटून दहा मिनिटं नुसता बसलो होतो. चौतीस वर्षांत मी एकही खोटी नोट हातातून जाऊ दिली नाही, आणि हा पोरगा माझ्या नजरेखालून बिनबोभाट पास झाला. बारा मोठे भाऊ म्हणजे वाटणीत याला काहीएक येणार नाही, म्हणून हा दुसऱ्याचं राज्य बघत हिंडतोय, हे साध्या सातबारा वाचणाऱ्या माणसाला कळलं असतं.

पण लाल खूण मी एकाच जागी केली. चित्रपट सुरू होऊन फार वेळ झालेला नसतो. थोरली स्वतःला खोलीत कोंडून घेते. धाकटी बंद दारावर टकटक करून गाणं म्हणते, खेळायला ये म्हणते. गाण्यातच वर्षं सरतात. मग आई-बाप गावाला निघतात. दोन आठवड्यांत येतो म्हणून जहाजात बसतात. पुढच्या दृश्यात समुद्र खवळलेला, एक लाट उठते, आणि लाट खाली बसते तेव्हा जहाज नसतं. रडारड नाही, किंकाळी नाही. राजाराणीच्या तसबिरीवर काळं कापड पडतं. धाकटी काळा झगा घालून त्याच दाराशी येते आणि तेच गाणं म्हणते, पण आता हळू.

मी चष्मा काढला, पुसला आणि लिहिलं: “नापास.”

उपाय सोपा होता. लांडगे, राक्षस, भामटा यांना परवानगी. जहाज तेवढं पुढं ढकलायचं. अर्ध्या मिनिटाचा प्रश्न. एकच अडचण होती, ठाण्याची. नातीला सगळं पाठ. तिला बाजूला घेऊन मी सांगितलं, “जहाजाचं कुणाला काही सांगायचं नाही. लहान मुलं घाबरतात.” ती म्हणाली, “मी पण लहान आहे.” दोन मटका कुल्फ्यांवर सौदा ठरला.

रविवारी अकराला हॉलमध्ये नऊ मुलं जमली. पडदे ओढले, कूलरमध्ये पाणी भरलं, वरून वाट्यावाट्यांतून गरम चीक आला. कुणाला दूध-साखर घालून, कुणाला तेल-मीठ. मी रिमोट घेऊन खुर्चीत बसलो. कूलरचा वारा, चिकाचा वास, पडद्यावर बर्फ. १०१ अ ला थंडी वाजायला लागली म्हणून त्यानं चादर मागितली. बाहेर चाळीस डिग्री होतं.

जहाजाची वेळ आली. राजाराणी निघाली. दोन आठवड्यांचं आश्वासन झालं. मी खिडकीकडे बोट दाखवून ओरडलो, “अरे, कावळा! कुरडया!” नऊच्या नऊ माना वळल्या. मी बटण दाबलं. ते बटण एका दाबाला दहा सेकंद पुढं नेतं. मी किती वेळा दाबलं ते मला आठवत नाही. माना परत वळल्या तेव्हा राजवाड्याचे दरवाजे उघडले होते, झेंडे लागले होते, थोरलीच्या राज्याभिषेकाची गडबड उडाली होती आणि धाकटी नाचत होती.

“आई-बाबा कुठं गेले?” २०४.

“गावाला गेलेत. मघाशी नाही का गेले?” मी म्हणालो.

“आले का?”

“पुढं बघ, पुढं मजा आहे.”

३०२ नऊ वर्षांचा आहे. तो म्हणाला, “एवढा मोठा प्रोग्राम आहे आणि आई-बाबा नाहीत?” १०१ ब म्हणाला, ते अमेरिकेला गेले असतील, माझा मामा गेलाय. चारशे एक म्हणाली, कुंभमेळ्यात हरवले असतील, आई सांगते कुंभमेळ्यात माणसं हरवतात. नाशकातल्या मुलाला हे स्पष्टीकरण ताबडतोब पटतं. पण माझी नात प्रामाणिक. ती म्हणाली, “कुठं गेलेत ते मला माहितीये. पण सांगायचं नाही. आजोबांनी सांगितलंय सांगायचं नाही.”

खोलीत शांतता पसरली. कूलर तेवढा घरघरत होता. नऊजणांनी माझ्याकडे बघितलं. परीक्षक म्हणून मी तेव्हाच उठून दिवे लावायला हवे होते. मी म्हणालो, “श्श. गाणं ऐका.” गाणं चांगलं होतं. याच चित्रपटातल्या दुसऱ्या एका गाण्याला तर ऑस्कर मिळालंय. २०४ नं ते ऐकलं नाही. ती विचार करत होती.

“कामाला गेलेत ते,” ती शेवटी म्हणाली. “पुण्याला.”

बाकीच्यांना ते पटलं. मलाही पटलं. अडचण सुटली असं वाटून मी खुर्चीत मागं रेललो.

लांडगे आले. मुलांनी त्यांचं स्वागत केलं. पाण्याच्या टाकीजवळची कुत्री यापेक्षा वाईट आहेत, असं ३०२ चं मत पडलं. राक्षस आला तेव्हा १०१ अ आणि ब चादर अंगावर घेऊन राक्षस झाले आणि चिकाची एक वाटी सांडली. बाहुल्याचं नाक, मुंडी, धड वेगळं होतं तेव्हा तर माझ्या खुर्चीमागं कुणीतरी हसून हसून लोळत होतं. मतकरींच्या ‘अलबत्या गलबत्या’त दिलीप प्रभावळकर चेटकीण व्हायचे, तिच्यावर मुलं किती खूश असायची हे ऐकून होतो, ते आता दिसलं. राजपुत्र भामटा निघाला तेव्हा एकही मूल दचकलं नाही. “मला माहीतच होतं,” ३०२ म्हणाला. मी काही बोललो नाही. शेवटी धाकटी गोठून बर्फाचा पुतळा होते, मग वितळते, सगळं नीट होतं आणि राजवाड्याच्या अंगणात सगळे बर्फावर घसरत खेळतात. मुलं टाळ्या वाजवत उठली.

२०४ उठली नाही. नावं वर सरकत होती, ती वाचता येत नसतानाही बघत होती.

“ते आलेच नाहीत,” ती म्हणाली.

“कोण?”

“आई-बाबा. दोन आठवड्यांनी येणार होते.”

“येतील हं,” मी म्हणालो, आणि तिच्या हातातली वाटी घेतली.

दुपारी मी बिल्डिंगच्या ग्रुपवर टाकलं: “बालचित्रपट कार्यक्रम निर्विघ्न पार पडला. योग्य ती दक्षता घेण्यात आली होती.” सात अंगठे आले. संध्याकाळी ताटभर ओल्या कुरडया आल्या. मी त्यातली एक उचलून कडेनं बघितली, पाकळी तुटलेली होती, पण बोललो नाही. एवढा मी समाधानी होतो.

सोमवारी पहाटे पावणेपाचला बेल वाजली. दारात २०४ चा बाप. पाठीला सॅक, एका पायात बूट, दुसऱ्या पायात नुसता मोजा. कडेवर २०४. तिच्या हातात दुसरा बूट, छातीशी घट्ट.

“काका, सॉरी,” तो म्हणाला. “रात्रभर बॅगवर झोपली. मी पुण्याला गेलो की परत येणार नाही म्हणते. म्हणते, राजाराणीपण पुण्याला गेले आणि आलेच नाहीत, आणि कुठं गेले ते कुणाला सांगायचं नाही असं आजोबांनी सांगितलंय.” त्यानं श्वास घेतला. “काका, तुम्ही जहाज कापलं का?”

मी बंडी आणि पायजम्यात उभा होतो. प्रेसमध्ये खराब नोट काढली की तिची जागा मोकळी सोडत नाहीत. बंडलात शंभर म्हणजे शंभर. काढलेल्या नोटेच्या जागी दुसरी नोट घालतात, २००६ पासून तर अशा नोटेच्या नंबरात एक तारा छापलेला असतो. ज्याला शंका येईल त्यानं तारा बघावा, हिशेब लागतो. चौतीस वर्षं मी हे केलं. आणि रविवारी दुपारी मी मात्र बंडलातून एक नोट काढली आणि तिथं भोक ठेवलं. २०४ नं ते तिच्याजवळ होती त्या नोटेनं भरलं. तिच्याजवळ एकच होती, पुण्याची.

“बस कितीची?” मी विचारलं.

“साडेपाचची.”

मी टीव्ही लावला. २०४ बापाच्या मांडीवर, बूट तिच्या मांडीवर. मी बटण दाबून दाबून त्या जागी आलो आणि या खेपेला रिमोट खाली ठेवून दिला. राजाराणी निघाली. लाटा आल्या. जहाज होतं, मग नव्हतं. तसबिरीवर कापड पडलं. २०४ नं डोळे मिटले नाहीत. बापानं मिटले होते.

“बुडाले?” तिनं विचारलं.

“हो,” मी म्हणालो.

“समुद्रात?”

“हो बाळ. समुद्रात.”

ती थोडा वेळ पडद्याकडे बघत राहिली. मग वळून बापाकडे बघितलं.

“पुण्याला समुद्र आहे?”

“नाही,” तो म्हणाला. “मुठा आहे. उन्हाळ्यात तिला पाणीपण नसतं.”

“बस पाण्यातून जाते?”

“नाही. संगमनेरवरून जाते.”

तिनं बूट त्याच्या हातात दिला. तो जिन्यातच एका पायावर उभा राहून घालायला लागला, मग तसाच लंगडत खाली पळाला. खालून त्याचा आवाज आला, “शुक्रवारी!” तिनं हात वगैरे हलवला नाही. ती सोफ्यावर पाय वर घेऊन नीट बसली, माझी शाल ओढून घेतली.

“आता लांडगे लावा,” ती म्हणाली.

आत दिवा लागला. चहाचं आधण ठेवल्याचा आवाज आला आणि पाठोपाठ हिचा, “कोण आहे एवढ्या पहाटे? काय चाललंय?”

“परीक्षण,” मी म्हणालो, आणि वही शोधायला लागलो. लांडगे मोजायचे राहिले होते.